टगबोटीचा कंडेन्सर पुन्हा चालू करताना: एक्झॉस्ट आणि पंपांच्या कामाच्या नोंदी

6 जानेवारी

बोट लहान आहे. दोन सिलिंडरांचे कंपाउंड इंजिन (वाफ आधी जास्त दाबाच्या, मग कमी दाबाच्या सिलिंडरात वापरणारे), कोळशावर चालणारा बॉयलर आणि आठ बार इतका कामाचा दाब. आधीच्या मालकांनी कंडेन्सर (वापरलेली वाफ थंड करून तिचे पुन्हा पाणी करणारे यंत्र) गळू लागल्यावर त्याच्या वाटेला न जाता, कमी दाबाच्या सिलिंडरातून बाहेर पडणारी वाफ एका अरुंद पाइपाने सरळ धुराड्यात सोडून दिली होती. या व्यवस्थेत गैर असे काही नाही. स्कॉटलंडच्या कालव्यांतील ‘पफर’ बोटींना त्यांचे नावच धुराड्यातून फुसफुसत निघणाऱ्या या वाफेवरून मिळाले. पण त्या गोड्या पाण्याच्या कालव्यात फिरत होत्या आणि बॉयलरला लागेल तेवढे पाणी त्यांना बोटीच्या कडेलाच मिळत होते. त्याच बोटी समुद्रात जाऊ लागल्या तेव्हा त्यांनाही कंडेन्सर घ्यावा लागला. आमचे इंजिन पूर्ण वेगात ताशी सुमारे 400 किलो वाफ खाते आणि गोड्या पाण्याची टाकी दोन टनांची आहे. म्हणजे पाच तासांत टाकी रिकामी होते आणि बोट जिथे असेल तिथे अडकते.

काम हाती घेण्यापूर्वी सगळा फेरा कागदावर काढला: कमी दाबाचा सिलिंडर, तिथून एक्झॉस्टचा पाइप, कंडेन्सर, त्याच्या तळाशी एअर पंप (साचलेले पाणी आणि हवा बाहेर काढणारा), एअर पंपातून हॉटवेल (ते पाणी साठवणारी टाकी), हॉटवेलमधून फीड पंप (बॉयलरला पाणी देणारा) आणि शेवटी पुन्हा बॉयलर. कंडेन्सरच्या नळ्यांतून समुद्राचे पाणी फिरवणारा थंड पाण्याचा पंप, एअर पंप, फीड पंप आणि बिल्ज पंप (बोटीच्या तळाशी साचलेले पाणी उपसणारा) हे चारही इंजिनाच्या क्रॉसहेडला (दट्ट्याच्या दांड्याच्या वरखाली सरकणाऱ्या टोकाला) जोडलेल्या तरफेवरच हलतात. इंजिन थांबले की चारही थांबतात, ही गोष्ट पुढे चाचणीच्या वेळी फार महत्त्वाची ठरली. जो कोणी असे काम करणार असेल त्याने हा फेरा एकच यंत्र आहे असे समजून चालावे. आम्ही वेगवेगळे पंप वेगवेगळ्या माणसांना वाटून दिले होते. त्यामुळे प्रत्येक पंप सुटा उत्तम चालत होता आणि फेरा मात्र चालत नव्हता.

19 जानेवारी

कंडेन्सरच्या दोन्ही टोकांची झाकणे उघडली. बहुतेक नट कापूनच काढावे लागले. आत चिखल, शिंपल्यांचे तुकडे आणि जस्ताच्या पाट्यांचे नुसते गंजके बोल्ट उरलेले होते. समुद्राचे पाणी पितळ आणि ओतीव लोखंड या दोन्हींना एकाच वेळी भिडत असल्यामुळे त्यांच्या जोडीत लोखंड झिजते. जस्ताची पाटी लावली की लोखंडाऐवजी जस्त झिजते. पाटी संपली, कोणी बदलली नाही, आणि झाकणाच्या आतील बाजूला बोट सहज बुडेल असे खड्डे पडले.

नळ्या 19 मिलिमीटर व्यासाच्या आहेत, शंभराहून थोड्या अधिक. त्यांपैकी एक बाहेर ओढून उभी कापली तेव्हा आतल्या बाजूला तांबूस ठिपके दिसले. पितळेतील जस्त विरघळून गेले की मागे सच्छिद्र तांबे उरते. ते दिसायला शाबूत असते, पण चिमट्याने दाबले तर बिस्किटासारखे तुटते. सर्व नळ्या बदलण्याचा निर्णय इथेच झाला. ‘वाईट तेवढ्या बदलू, बाकीच्या नंतर पाहू’ असा एक विचार पुढे आला होता. मात्र एका बाजूच्या नळ्या काढून बसवणे आणि सगळ्या काढून बसवणे यांत वेळेचा फरक फारसा नसतो, आणि जुनी नळी समुद्रात फुटली तर खारे पाणी थेट बॉयलरमध्ये जाते. एकूण खर्चात नळ्यांचा वाटा सर्वांत मोठा निघाला, हे आधीच सांगून ठेवतो.

नव्या नळ्या ॲडमिराल्टी पितळेच्या घेतल्या: 70 टक्के तांबे, 29 टक्के जस्त आणि 1 टक्का कथील. ते एक टक्का कथील केवळ जस्त विरघळण्याला आवर घालण्यासाठी असते.

10 फेब्रुवारी

ट्यूब प्लेटमधील (नळ्यांची टोके धरणाऱ्या पाटीतील) प्रत्येक भोकाला आटे आहेत आणि त्यात छोटे पितळी फेरूल (आट्यांचे कडे) फिरवून बसवायचे असते. नळी आणि भोक यांच्यामधल्या फटीत सुती दोरीचे पॅकिंग भरतात, त्यावर फेरूल आवळतात, आणि फेरूलच्या बाहेरच्या कडेला आत वळलेला ओठ असल्यामुळे नळी सरकून बाहेर येऊ शकत नाही. नळी मात्र गरम झाल्यावर लांबते तेवढी आतल्या आत सरकायला मोकळी राहते. या रचनेमुळे काम संथ आहे, पण अवघड नाही. पॅकिंगची दोरी उकळलेल्या जवसाच्या तेलात भिजवून घेतली आणि प्रत्येक नळीला सारखेच वेढे द्यायचे असे ठरवले.

पाण्याची चाचणी वाफेच्या बाजूने केली. कंडेन्सरचे कवच पाण्याने काठोकाठ भरायचे, दोन्ही टोकांची झाकणे उघडी ठेवायची आणि कोणत्या नळीच्या तोंडाशी पाणी पाझरते ते पाहायचे. कवचाला एरवी फक्त वाफेचे वजन पेलायचे असते; ते पाण्याने भरल्यावर खालच्या बैठकीवर भलताच भार येतो. म्हणून आधी खाली लाकडी ठोकळे ठोकून आधार दिला. पहिल्या भरणीत खालच्या तीन रांगा पाझरल्या. फेरूल आणखी आवळले तसा पाझर काही ठिकाणी थांबला, काही ठिकाणी वाढला. तिथली नळी काढून पाहिली तर फेरूलखाली ती आवळून बारीक झाली होती. नळी चेपली की पॅकिंग कितीही भरले तरी ते धरत नाही. त्यानंतर फेरूल हातातल्या लहान पान्यानेच, लांब दांडा न लावता, आवळायचा असा नियम केला आणि दुसऱ्या चाचणीत एक रात्रभर सगळी तोंडे कोरडी राहिली.

एक गोष्ट नमूद करण्याजोगी आहे. अशा नळ्यांच्या कंडेन्सरचे पेटंट सॅम्युअल हॉल यांनी 1834 मध्ये घेतले, आणि 1838 मध्ये अटलांटिक ओलांडणाऱ्या ‘सिरियस’ जहाजावर तो होताही. तरी समुद्रावर तो सर्रास रुळायला 1860 चे दशक उजाडले. मधल्या काळात जहाजे वाफेवर थेट समुद्राच्या पाण्याचा फवारा मारून ती थंड करीत आणि तेच खारे पाणी बॉयलरला देत. या दिरंगाईचे एक मोठे कारण सिलिंडरात घातली जाणारी चरबी होते. ती वाफेबरोबर कंडेन्सरमध्ये येऊन नळ्यांवर बसायची. आमच्याही जुन्या नळ्यांच्या बाहेरच्या अंगाला काळ्या तेलाचा थर होताच. तेलाचा प्रश्न पुढे हॉटवेलच्या नोंदीत येईल.

2 मार्च

एअर पंप एडवर्ड्स पद्धतीचा आहे. जुन्या पंपांत तळाला, बकेटमध्ये (म्हणजे पंपाच्या दट्ट्यात) आणि डोक्यावर अशा तीन ठिकाणी झडपा असत. एडवर्ड्स पद्धतीत फक्त डोक्यावर असतात. बकेटचा तळ शंकूसारखा निमुळता असतो आणि पंपाचा तळही तसाच घडवलेला असतो. बकेट खाली आपटली की तळाशी साचलेले पाणी कडेच्या खिडक्यांतून उसळून बकेटच्या वर जाते, त्याच्यासोबत हवाही ओढली जाते, आणि वर जाताना बकेट दोन्ही गोष्टी डोक्यावरच्या झडपांतून बाहेर ढकलते. झडपा कमी म्हणून बिघाड कमी. पण याच कारणाने हा पंप वेगावर अवलंबून असतो, आणि इंजिन फारच हळू चालवले तर पाणी पुरेसे उसळत नाही.

डोक्यावरच्या झडपांच्या जागी रबराच्या चकत्या होत्या. त्या तेलाने फुगून मऊ पडल्या होत्या. रबर आणि खनिज तेल यांचे जमत नाही, म्हणूनच पुढच्या काळात किंगहॉर्न पद्धतीच्या झडपा आल्या: कासे धातूच्या तीन पातळ चकत्या एकावर एक, खालच्या चकत्यांना भोके, वरची अखंड. आम्ही त्याच धर्तीच्या बनवून घेतल्या. चकती बसते ती जागा घासून सपाट करणे हे खरे काम होते. रबर खडबडीत जागेवरही बसते, धातू बसत नाही.

दट्ट्याचा दांडा ग्लँडच्या (दांडा बाहेर पडतो तिथल्या पॅकिंगच्या घराच्या) आत येतो तेवढ्या भागात खाल्लेला निघाला. बाहेरून तो चकचकीत दिसत होता. खाचा पडलेल्या दांड्यावर नवे पॅकिंग टिकत नाही, आणि इथून हवा आत शिरली तर पंप स्वतः ओढलेलीच हवा पुन्हा बाहेर टाकत बसतो. दांडा नवा केला. कार्यशाळेतून तो येईपर्यंत बाकीचे काम थांबले आणि हा या प्रकल्पातील सर्वांत लांब खोळंबा होता. दांडा सर्वांत आधी बाहेर काढून मोजावा, झडपांना नंतर हात लावावा, असा क्रम मी सुचवीन.

16 मार्च

एक्झॉस्टचा पाइप. जुन्या आवरणाच्या गुंडाळ्यांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता होती, म्हणून तपासणी होईपर्यंत त्याला कोणी हात लावला नाही. तपासणीत तो निघाला आणि आवरण परवानाधारक लोकांकडून काढून घ्यावे लागले. जुन्या वाफेच्या बोटीवर काम करणाऱ्यांनी हा खर्च आणि ही प्रतीक्षा अंदाजपत्रकात पहिल्याच दिवशी धरावी.

धुराड्याकडे वाफ वळवताना मूळ 200 मिलिमीटरच्या पाइपात 90 मिलिमीटरचा एक तुकडा घातलेला होता. तो तसाच ठेवून कंडेन्सरला जोडावा, कारण ‘इतके दिवस त्यातूनच तर वाफ जात होती’, असा एक सूर होता. तेव्हा हिशेब मांडला. वातावरणाच्या दाबाला एक किलो वाफ सुमारे 1.67 घनमीटर जागा घेते. कंडेन्सरमध्ये 660 मिलिमीटर पाऱ्याचा निर्वात (म्हणजे वातावरणाच्या 760 मिलिमीटरपेक्षा तेवढा कमी दाब) असेल तर तीच एक किलो वाफ 11 घनमीटरहून थोडी अधिक जागा घेते, म्हणजे जवळपास पावणेसात पट. ताशी 400 किलो वाफ 90 मिलिमीटरच्या पाइपातून नेण्यासाठी वेग सेकंदाला 195 मीटरच्या घरात जातो. 200 मिलिमीटरच्या पाइपात तो 40 मीटरच्या आसपास येतो. अरुंद तुकडा राहू दिला असता तर कंडेन्सरवरचे गेज छान निर्वात दाखवत राहिले असते आणि सिलिंडरातील दट्ट्याला मात्र त्याचा लाभ झाला नसता. तो तुकडा काढून पूर्ण व्यासाचा पाइप घातला, आणि सिलिंडराच्या तोंडाशी गेजसाठी एक वेगळी टोटी ठेवली. ही दुसरी टोटी स्वस्त आहे आणि तिच्याशिवाय पाइपातील अडथळा कळण्याचा मार्ग नाही.

पाइपाला कंडेन्सरकडे सलग उतार हवा. आमच्या पाइपाला मध्येच एक खोलगट वळण होते. तिथे पाणी साचते आणि इंजिन सुरू होताना वाफ ते पाणी उचलून पुढच्या वळणावर आपटते. वळणाची उंची बदलली आणि सर्वांत खालच्या जागी निचऱ्याची तोटी लावली. या तोटीची आठवण ठेवावी, ती पुढच्या एका नोंदीत पुन्हा येणार आहे.

30 मार्च

हॉटवेल म्हणजे एअर पंपातून आलेले कोमट पाणी साठवणारी टाकी, आणि तेल अडवण्याची शेवटची जागा. सिलिंडरातले तेल वाफेबरोबर येते, पाण्यावर तरंगते, आणि फीड पंपाने ओढले तर बॉयलरच्या भट्टीच्या माथ्यावर पातळ पापुद्र्यासारखे बसते. एक बाजू आग, दुसरी बाजू पाणी, आणि मध्ये उष्णता अडवणारा तेलाचा थर अशी स्थिती झाली की तिथला पत्रा तापून खाली झुकतो. भट्ट्या अशा रीतीने खचल्याच्या घटनांमुळेच सागरी अभियंते गाळणीबाबत इतके काटेकोर असतात.

टाकीत तीन आडव्या भिंती घालून तिचे कप्पे केले; पाणी एका भिंतीच्या खालून, दुसरीच्या वरून असे जाते आणि तेल पहिल्या दोन कप्प्यांत वर राहते. तिसऱ्या कप्प्यात सुकलेल्या घोसाळ्याची जाळी भरली. यात गंमत वाटण्यासारखे काही नाही. जहाजांवर हॉटवेलच्या गाळणीसाठी घोसाळ्याची जाळी खरोखरच वापरली जात असे, कारण ती गरम पाण्यात कुजत नाही, तेल धरून ठेवते आणि पाण्याला अडवत नाही. तिच्या पुढे टॉवेलच्या कापडाचे दोन थर आहेत. पहिल्यांदा जाळी घट्ट कोंबून भरली होती तेव्हा पाणी तिला वळसा घालून कडेने गेले आणि कापडावर तेल आले; सैल भरली आणि वरून भोकाचा पत्रा दाबला तेव्हा कापड स्वच्छ राहिले.

त्याचबरोबर सिलिंडरात जाणारे तेलच कमी केले. ओलसर वाफेवर चालणाऱ्या इंजिनाला आतून फारच थोडे तेल लागते, कारण सिलिंडराच्या भिंतीवर जमणारे पाणीच बरेचसे वंगणाचे काम करते. गाळणी सुधारण्यापेक्षा तेलाची कुपी थोडी बंद करणे अधिक परिणामकारक ठरले.

13 एप्रिल

पहिल्यांदा वाफ. बोट धक्क्याला बांधून, इंजिन मंद चालवून. निर्वात 430 मिलिमीटरच्या पुढे सरकेना. आमच्या गटाचा एकमुखाने निष्कर्ष निघाला की थंड पाणी कमी पडते. थंड पाण्याचा पंप उघडला, त्याच्या झडपा तपासल्या, बाहेरची जाळी साफ केली, पुन्हा जोडले. आकडा तिथेच.

आमच्याबरोबर एक निवृत्त मुख्य अभियंते आहेत. ते दुपारी आले, त्यांनी पंपाकडे पाहिलेही नाही, फक्त तीन तापमाने विचारली. आत येणारे थंड पाणी 22 अंश, बाहेर जाणारे 30 अंश, आणि एअर पंपात येणारे वाफेचे पाणी 55 अंश. मग त्यांनी वाफेचा तक्ता उघडायला सांगितले. 430 मिलिमीटर निर्वात म्हणजे आत 330 मिलिमीटर इतका दाब शिल्लक, आणि या दाबाला वाफेचे तापमान सुमारे 78 अंश असते. “तुमचे पाणी 55 अंशांवर आहे. आत फक्त वाफ असती तर ते 78 च्या जवळपास असायला हवे होते. मग उरलेला दाब कशाचा आहे, सांगा बरं?” असे त्यांनी विचारले आणि उत्तर दिले नाही.

उरलेला दाब हवेचा होता. 55 अंशांच्या वाफेचा दाब सुमारे 118 मिलिमीटर असतो; बाकीचे दोनशेहून अधिक मिलिमीटर आत घुसलेल्या हवेचे. थंड पाणी खरोखर कमी पडले असते तर बाहेर जाणारे पाणी फार तापले असते आणि वाफेचे पाणीही तक्त्यातल्या आकड्याशी जुळले असते. थर्मामीटर आणि गेज एकत्र वाचले असते तर पंप उघडण्याची गरजच नव्हती. ज्यांना या नोंदींतून एकच गोष्ट घ्यायची असेल त्यांनी ही घ्यावी: कंडेन्सरचे पाणी तक्त्यापेक्षा बरेच थंड असेल तर हवेची गळती किंवा एअर पंपाचा दोष शोधावा, पाणी तक्त्याशी जुळत असेल आणि बाहेर जाणारे समुद्राचे पाणीही तापलेले असेल तरच थंड पाण्याकडे पाहावे.

20 एप्रिल

हवेची गळती शोधणे. वाफ गळली तर दिसते, ऐकू येते. हवा आत शिरते तेव्हा काहीच दिसत नाही. जुनी पद्धत मेणबत्तीची आहे: इंजिन चालू असताना प्रत्येक जोडाजवळ ज्योत न्यायची आणि ती आत ओढली जाते का ते पाहायचे. इंजिनरूममधल्या वाऱ्याने ज्योत सारखी विझत होती, म्हणून उदबत्तीचा धूर वापरला. हलत्या क्रॉसहेडच्या जवळ हात नेणे धोक्याचे असल्यामुळे उदबत्ती लांब तारेला बांधली.

कमी दाबाच्या सिलिंडराच्या ग्लँडपाशी धूर सरळ खाली वळला आणि दांड्याच्या कडेने आत गेला. ही जागा फसवी आहे. वरच्या दाबाच्या सिलिंडराचे ग्लँड गळले तर वाफ बाहेर येते, त्यामुळे ते सगळ्यांच्या लक्षात राहते. या ग्लँडमध्ये मात्र पाळीपाळीने दाब आणि निर्वात दोन्ही असतात, आणि वाफ थोडीशीच बाहेर येत असल्यामुळे ते ठीक आहे असे वाटते. पॅकिंग बदलले आणि ग्लँडच्या वर पाण्याची छोटी वाटी बसवली. त्यातून थेंब थेंब पाणी दांड्यावर येते आणि हवेऐवजी पाणीच आत ओढले जाते. निर्वात 560 वर आला.

पुढच्या गळत्या धुराला सापडेनात. एअर पंप इंजिनावरच चालत असल्यामुळे इंजिन थांबवून निर्वात टिकवता येत नाही, हे सुरुवातीला म्हटलेच आहे. त्यामुळे बॉयलर थंड करून कंडेन्सर आणि एक्झॉस्टचा पाइप सिलिंडराच्या खालच्या पातळीपर्यंत पाण्याने भरला, अर्थात ठोकळ्यांचा आधार पुन्हा देऊन. नव्या आवरणाखाली असलेल्या एका फ्लँजमधून पाणी आले, आणि मार्चमध्ये मोठ्या समाधानाने बसवलेली निचऱ्याची तोटी टपटप गळताना दिसली. तोटी बदलून तिथे वळसा घातलेला पाइप आणि घट्ट बसणारी झडप घातली. आवरण गुंडाळण्याआधी पाण्याची चाचणी केली असती तर नवे आवरण फाडावे लागले नसते.

यानंतर निर्वात 640. इथे थांबलो. धक्क्यावर कोणी तरी विचारले की 700 पर्यंत का जात नाही. दट्ट्याच्या इंजिनाला 660 च्या आसपासच्या पुढे जाऊन फारसा लाभ नसतो, कारण इतक्या विरळ वाफेचा पसारा सामावून घेईल एवढा मोठा सिलिंडर बोटीत बसत नाही, आणि पाणी अधिक थंड झाले की ते बॉयलरला पुन्हा तापवावे लागते. खोल निर्वाताचा फायदा टर्बाइनला घेता येतो. ‘टायटॅनिक’वर याच कारणाने दट्ट्याच्या दोन इंजिनांची एक्झॉस्टची वाफ चौरस इंचाला सुमारे 9 पौंड निरपेक्ष दाबाने एका टर्बाइनमध्ये सोडली जात होती आणि तिथून 1 पौंडाला ती कंडेन्सरमध्ये जात होती, मधला पंखा याच उरलेल्या वाफेवर फिरत असे.

4 मे

एक परिणाम आम्ही धरलाच नव्हता. वाफ धुराड्यात जात होती तोवर प्रत्येक फुसकाऱ्याबरोबर ती धूर वर ओढत होती आणि आगीला हवा मिळत होती. वाफ कंडेन्सरकडे वळली तशी आग मंदावली, दाब सात बारच्या वर टिकेना. बॉयलरच्या धूरनळ्या घासून घेतल्या, जाळीवरचा कोळशाचा थर पातळ केला आणि राखेचे दार पूर्ण उघडे ठेवले. बराच फरक पडला. धुराड्यातील वाफेचा छोटा फवारा फक्त आग पेटवताना वापरतो, कारण तो गोडे पाणी वाया घालवतो आणि सगळी धडपड तेच वाचवण्यासाठी होती.

11 मे

फीड पंपाने पाणी सोडले. पंपावरची छोटी चाचणी-तोटी उघडली तर पाण्याच्या ठोक्याऐवजी नुसती फुसफुस. कारण शोधायला वेळ लागला नाही: राखीव वाफपंपाची एक्झॉस्टची वाफ आम्ही हॉटवेलमध्ये सोडली होती, म्हणजे बॉयलरला गरम पाणी मिळेल. हॉटवेल 85 अंशांवर गेले. इतके गरम पाणी पंपाने ओढू लागताच ओढीच्या बाजूला त्याची वाफ होते आणि दट्ट्या त्या वाफेवरच वरखाली होत राहतो. इंजेक्टरही (वाफेच्या झोताने बॉयलरमध्ये पाणी ढकलणारे साधन) अशा पाण्यावर चालत नाही, त्याला तर थंड पाणीच हवे. म्हणजे बॉयलरला पाणी देण्याचे दोन्ही मार्ग एकाच चुकीच्या जोडणीने बंद झाले असते. बॉयलरमध्ये पाणी पुरेसे होते, तरी आग ओढून घेतली.

राखीव पंपाची वाफ आता कंडेन्सरमध्ये जाते, आणि हॉटवेलकडची वाट एका वेगळ्या झडपेने नियंत्रित केली आहे. 60 अंशांच्या वर पाणी जाऊ द्यायचे नाही असे ठरले. गरम पाणी हवे असेल तर ते पंपाच्या पुढे, दाबाच्या बाजूला तापवावे. मोठ्या जहाजांवर फीड हीटर पंपानंतर ठेवलेला असतो त्याचे एक कारण हेच.

25 मे

बिल्ज पंप. मातीचा डबा (ओढीच्या पाइपावरचा गाळ अडवणारा) उघडला, त्यात चिंध्या आणि कोळशाचा चुरा, साफ केला. ओढीच्या पाइपाच्या एका जोडातून हवा येत होती, तोही बदलला. थंड पाण्याच्या पंपाला बिल्जमधूनही पाणी ओढता यावे यासाठी असलेली आणीबाणीची झडप वर्षानुवर्षे न फिरवल्यामुळे जाम झालेली होती. बोटीत पाणी शिरले तर सर्वांत मोठा पंप हाच असतो, म्हणून ती सुटी करून तिच्या चाकाला लाल रंग दिला आणि महिन्यातून एकदा फिरवायची असे वहीत लिहिले. मात्र ती उघडताना समुद्राकडची झडप बंद करावी लागते, आणि बिल्जमधल्या चिंध्या कंडेन्सरच्या नळ्यांत जाऊ नयेत म्हणून जाळी शाबूत असावी लागते.

8 जून

पूर्ण वेगात लांबची फेरी. निर्वात 650, वाफेचे पाणी 49 अंश. तक्त्याप्रमाणे ते साडेत्रेपन्न असायला हवे, म्हणजे हवा थोडी अजून येते आहे. समुद्राचे पाणी आत 24, बाहेर 37. सिलिंडराच्या तोंडावरचे गेज कंडेन्सरपेक्षा 15 मिलिमीटरने मागे, आणि एवढ्या फरकाबद्दल तक्रार नाही. टाकीतले गोडे पाणी पाच तासांनंतर जेमतेम कमी झाले होते.

दर तासाला हॉटवेलच्या पाण्याचा नमुना काचेच्या नळीत घेऊन त्यात सिल्व्हर नायट्रेटचे थेंब टाकत होतो. पाणी स्वच्छ राहिले तर मीठ नाही. चौथ्या तासाला नळीत हलकी दुधाळ छटा आली. परतल्यावर झाकण उघडून कवच भरले तेव्हा वरच्या रांगेतील एका नळीचे तोंड ओलसर दिसले. फेरूल आणखी न आवळता त्या नळीच्या दोन्ही टोकांना निमुळती पितळी बुचे मारून ती तात्पुरती बंद केली; शंभरांतली एक नळी बंद राहिल्याने काही बिघडत नाही. बॉयलरमधले थोडे पाणी सोडून ताजे भरले.

बाकी राहिलेली कामे: ती नळी नव्या पॅकिंगसह पुन्हा बसवणे, जस्ताच्या पाट्या तीन महिन्यांनी काढून वजन करणे, आणि एअर पंपाच्या ग्लँडवरही पाण्याची वाटी लावून उरलेली हवा तिथूनच येते का ते पाहणे.